दोन हजार फ्यूजांची पाल

कुंभिवलीच्या हमरस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला एक गाव लागतं. त्या गावात देवीच्या पालखीचा मानाचा खांदा कुणी धरायचा, हे एके काळी एका पालीनं ठरवलं. ती पाल मी बसवली होती. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, नाहीतर तिथली माणसं निम्मं वाचून उठतील आणि उरलेलं माझ्याकडून तोंडी वसूल करायला येतील.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे. ही वीस पायांची, काळी, बोटाच्या दोन पेरांएवढी आणि विमानातून आलेली इलेक्ट्रॉनिक चिप. इंग्रजीत तिचं नाव तीन अक्षरांचं. सुटं सुटं उच्चारावं असं शहाणे लोक म्हणतात, पण सलग वाचलं की ‘पाल’च होतं, त्याला मी तरी काय करणार?

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी दहिवलीत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रॉनिक्सचा नाद करायचो. दुरुस्तीला दिवसाचा एक तास आणि नादाला तेवीस, अशी वाटणी होती. घरात सोल्डरिंगचा धूर इतका असायचा की आमच्या आळीतल्या डासांनी बिऱ्हाड नदीपलीकडे कर्जतला हलवलं. कर्जतकर त्याचा राग अजून धरून आहेत.

माझे धाकटे काका त्या पायथ्याच्या गावचे घरजावई. काकू एकुलती एक, भाताची जमीन बरी, बघणारं कुणी नाही. तेव्हा काका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एक ट्रंक घेऊन दहिवलीहून गेले ते तिथलेच झाले. म्हणजे त्यांना वाटलं, झाले. गावानं तीस वर्षांत त्यांना एकदाही नावानं हाक मारली नाही. सगळे म्हणायचे ‘पाव्हणं’. काकांनी त्या गावात तीस पावसाळे चिखलणी केली, शाळेवर कौलं चढवली, निम्म्या गावाचे बैल अडल्या बाळंतपणातून सोडवले. बैल बाळंत होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण काकांनी मनावर घेतलं असतं तर झाले असते, असा त्यांचा हात. तरी पाव्हणं ते पाव्हणंच.

पालखीला चार खांदे. त्यातला पुढचा उजवा मानाचा. घरजावयाला चारातला एकही नाही. त्यानं नारळांची गोणी पाठीवर घेऊन मागून चालायचं. काकांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, त्या वर्षी ते मला हळूच म्हणाले, ‘‘एकदा रं. फकस्त देवळापास्नं वडापत्तर. मंग गुडघं गेलं तरी चालंल.’’ एवढंच. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मानाच्या खांद्याचं बाकी गावातही काही सरळ नव्हतं. आळ्या तीन. पहिला मान वरच्या आळीचा, म्हणजे आबांचा. आबा सत्तरीचे, ताडासारखे उंच आणि आवाज असा की त्यांनी घरात ठसका दिला तर खोपोलीच्या घाटात ट्रक ब्रेक मारायचे. आबांना जमत नसेल तर मधली आळी, तिला जमत नसेल तर खालची. जमत नसेल म्हणजे सुतक असेल, किंवा माणूस प्यायलेला असेल, किंवा दुसऱ्या आळीशी त्याचं बोलणं बंद असेल. आता चुलतभावाच्या साडूचं सुतक लागतं का? ताडी धरायची की फक्त दारू? यावर दरवर्षी दुपारपासून वाद चालायचा आणि पालखी देवळाच्या पायरीवर बसून राहायची. एका वर्षी वाद इतका लांबला की देवी कंटाळून खाली उतरली, स्वतःच्या पायांनी गावभर फेरी मारून आली आणि परत पालखीत बसली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्यानं पाहिलं तो मी एकटाच, म्हणून तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल.

मी आबांना म्हटलं, ‘‘आबा, हे भांडण देवीचं नाही. हे ‘आणि’, ‘किंवा’ आणि ‘नाही’ या तीन शब्दांचं आहे. तेवढं यंत्रालाही कळतं.’’

आधी मी ते जुन्या पद्धतीनं करून पाहिलं. बाजारात सुट्ट्या चकत्या, म्हणजे साध्या चिपा, मिळायच्या: एक ‘आणि’ करणारी, एक ‘किंवा’ करणारी, एक ‘नाही’ म्हणणारी. अशा चाळीस चकत्या मी आंब्याच्या पेटीत बसवल्या आणि वायरींनी जोडल्या. पेटी अशी तापायची की काकूनं तिच्यावर एकदा चहा उकळला. पण खरी अडचण वेगळीच होती. पेटी घेऊन गावात गेलो की कुणाला तरी नवा नियम आठवायचा. ‘‘आरं, पन बायकोच्या मावळनीचं सुतक ऱ्हायलं की!’’ की उपटा वायरी. एका बैठकीत मी पेटी सात वेळा उसवली. आठव्या वेळी मी न उसवताच काम झालं, कारण आत उंदीर शिरला होता.

तेवढ्यात एका मासिकात मी वाचलं, की एका पालीत असे सगळे नियम वायरींशिवाय मावतात, आणि मुंबईला जाऊन एक पाल घेऊन आलो. एकच मिळाली.

देवळात बैठक बसली. मी पाल तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवली.

‘‘काय म्हनायचं हिला?’’ आबांनी विचारलं.

‘‘पाल.’’

मागच्या ओळीतल्या एका म्हातारीनं सवयीनं बोटांनी फरशीवर टकटक केलं. आमच्याकडे कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं मानायची रीत आहे. ‘‘पाल खोटं बोलत नाय,’’ म्हातारी म्हणाली. आबांनीही मान डोलावली, ‘‘नायच बोलत.’’ ही ती पाल नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझं काम इतकं सोपं होत असताना आपणच मोडता घालायचा, हे मला बरं वाटलं नाही.

‘‘हिच्या पोटात दोन हजार अठ्ठेचाळीस फ्यूज आहेत,’’ मी म्हणालो.

‘‘आनि त्यातलं चांगलं किती?’’

‘‘सगळे चांगले. त्यातले नको असलेले आपण उडवायचे.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘मुद्दाम.’’

‘‘आरं, डीपीवरचा येक फ्यूज उडाला तर वायरमन चार दिस गावात तोंड दाखवत नाय, आन् तू दोन हजार उडवनार?’’ मधल्या आळीचा माणूस इतका हसला की त्याला पाठीत थोपटावं लागलं.

मग मी त्यांना समजावलं. माझं म्हणणं आहे की यापेक्षा सोप्या मराठीत ते आजवर कुणी सांगितलेलं नाही, म्हणून इथंही सांगतो. पालीच्या पोटात ओळी असतात. एक ओळ म्हणजे एक पंच समजा. कोऱ्या पालीत प्रत्येक पंचाला प्रत्येक बातमीच्या दोन दोऱ्या बांधलेल्या असतात: ‘सुतक आहे’ची एक आणि ‘सुतक नाही’ची एक. त्याला बांधलेलं सगळंच्या सगळं खरं झालं तरच तो हो म्हणतो. आता सुतक असणं आणि नसणं एकदम कसं व्हायचं? म्हणजे कोरा पंच जन्मात हो म्हणत नाही. दोरी म्हणजे फ्यूज. ‘सुतक आहे’ची दोरी जाळली की उरते ‘सुतक नाही’ची, आणि पंच तेवढीच बघतो. असे सात-आठ पंच मिळून एक दिवा. त्यातल्या एकानं जरी हो म्हटलं तरी दिवा लागतो. झाली पाल.

‘‘आन् समद्याच दोऱ्या जाळल्या तर?’’ खांबाला टेकून बसलेल्या काकांनी विचारलं.

‘‘मग त्या पंचाला अडवणारं काही उरत नाही. तो कायम हो म्हणत बसतो.’’

‘‘उडालेला फ्यूज मागनं जोडता येतो का?’’ हे आबा.

‘‘नाही. एकदा उडाला की उडाला.’’

‘‘म्हंजे मी मेल्यावर बी कोन बदलू शकनार नाय?’’

‘‘ब्रह्मदेव आला तरी नाही.’’

आबांचा चेहरा असा खुलला की देवळात समई लावायची गरज उरली नाही. कागद वाळवी खाते, पंचांची जीभ वळते. पण जाळलेला फ्यूज पक्का! आबांनी तिथंच देवीवर हात ठेवून शपथ घेतली आणि गावालाही घ्यायला लावली, की पाल सांगेल ते ऐकायचं. मग म्हणाले, ‘‘लिव. मी बोलंन तसंच लिव. काना-मात्रा बदलू नगं.’’

मी वहीत लिहीत गेलो. तीन आळ्यांचे तीन दिवे झाले. मी वही मिटणार तोच आबा म्हणाले, ‘‘चौथा दिवा पाव्हण्याचा.’’

काकांनी चमकून वर पाहिलं.

‘‘त्यो कवाच लागता कामा नये,’’ आबा म्हणाले. ‘‘पन दिवा ऱ्हाऊ दे. न लागलेला दिवा समद्यांना दिसाय पायजेल.’’

काकांनी पुन्हा मान खाली घातली. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मी विचारलं, ‘‘म्हणजे घरजावयाला खांदा नाही?’’

‘‘नाय तर काय!’’ आबा गरजले.

मी अक्षरही न बदलता लिहिलं: घरजावई. खांदा नाही. नाय तर काय.

पाल जाळायचं यंत्र अख्ख्या तालुक्यात एकच, ते मोहोपाड्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांकडे. साहेब मूळचे मद्रासकडचे, कारखान्याच्या कॉलनीत राहायचे आणि माझ्यासारखेच नादिष्ट होते. मराठी ते व्याकरणाच्या पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. मी दारात उभा राहिलो की म्हणायचे, ‘‘यावे, आसनस्थ व्हावे.’’ मला मागं वळून बघावं लागायचं, की कुणी महाराज आले आहेत का.

पालखीच्या दिवशी सकाळीच साहेबांनी माझी वही पुढं ओढली आणि एकेक नियम त्यांच्या भाषेत उतरवायला घेतला. जिथं ‘नाही’ येईल तिथं शब्दावर एक आडवी रेघ. सुतक नाही, रेघ. दारू नाही, रेघ. असं करत ते चौथ्या दिव्यापाशी आले आणि चष्मा पुसू लागले.

‘‘इथे दोन नकार आहेत. ‘नाही’ एक. नंतर ‘नाय’ दुसरा. नकाराचा नकार म्हणजे होकार. बरोबर?’’

‘‘पुस्तकाप्रमाणे बरोबर,’’ मी म्हणालो.

‘‘आणि अट कोणतीच लिहिलेली नाही. म्हणजे या ओळीतील बत्तीसच्या बत्तीस फ्यूज जाळणे.’’

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यंत्रातली गप्प होती. ‘साहेब, आमच्याकडे नाय तर काय म्हणजे नाहीच नाही,’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलंही होतं. पण मला काकांचे गुडघे दिसले, आणि आबांनी बजावलेलंही आठवलं, की काना-मात्रा बदलू नको. मोठ्यांचा शब्द मोडणं माझ्या स्वभावात नाही.

‘‘जाळू?’’ साहेबांनी बटणावर बोट ठेवून विचारलं.

‘‘नाय तर काय!’’ मी म्हणालो.

साहेबांनी चटका बसल्यासारखं बोट उचललं. ‘‘नको?’’

‘‘जाळा हो, जाळा!’’

बत्तीस लाह्या फुटाव्यात तसा आवाज मी या कानांनी ऐकला. साहेब म्हणाले, फ्यूज इतके बारीक असतात की आवाज येत नाही. त्यांना येत नसेल.

दुपारी देवळापुढं अख्खं गाव जमलं. पालखी सजून बसलेली. लायटीचा भरवसा नव्हता म्हणून एका टेंपोची बॅटरी काढून आणली होती. मी नव्या, सुटसुटीत पेटीला वायर लावली मात्र, अजून कुणी सुतका-भांडणाचं एकही बटण दाबलेलं नव्हतं, आणि चौथा दिवा भक्कन लागला.

‘‘ह्यो कसा लागला?’’ आबा.

‘‘बटणं दाबू द्या, मग बघू,’’ मी म्हणालो आणि घाम पुसला.

पंचांनी बटणं दाबली. वरची आळी: आबांच्या चुलतभावाचं तीन दिवसांपूर्वीचं सुतक. दिवा विझलेला. मधल्या आळीचा आणि खालच्या आळीचा माणूस: एका फणसावरून महिनाभर बोलणं बंद. दोन्ही दिवे विझलेले. चौथा तसाच, ऐटीत.

‘‘बंद कर त्यो!’’

‘‘कसा करू, आबा? फ्यूज उडालेत.’’

‘‘मंग जोड!’’

‘‘जोडता येत नाहीत. तुम्हीच विचारलं होतंत.’’

‘‘मी ह्याला खांदा दे म्हनलो? मी नाय म्हनलो!’’

मी वही उघडून वाचून दाखवली. ‘‘तुम्ही दोनदा नाय म्हणालात, आबा.’’

‘‘दोनदाच म्हनलो! चांगलं ठासून म्हनलो!’’

‘‘तिथंच तर घोटाळा झाला.’’

आबांनी पेटीला अशी थप्पड लावली की बॅटरी बसवलेला बाक अर्धा फूट सरकला. दिवा आणखी प्रखर झाला. गर्दीतून त्याच म्हातारीचा आवाज आला, ‘‘पाल खोटं बोलत नाय रं आबा. तू बी मान डोलावलीस. देवीवर हात ठेवलास.’’ आणि तिनं पुन्हा बोटांनी टकटक केलं. तिच्यामागून दुसरीनं केलं. मग अख्खं गाव जिथं जागा मिळेल तिथं, पायरीवर, ढोलावर, एकमेकांच्या डोक्यावर टकटक करू लागलं.

काका जागचे हललेच नव्हते. ते दिव्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. शेवटी मधल्या आळीचा माणूस ओरडला, ‘‘पाव्हणं, या की! देवी खोळंबलीया!’’

काकांनी गोणी खाली ठेवली. चपला काढल्या. धोतर खोचून, खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून त्यांनी दांडा धरला आणि पालखी उठली.

काका इतर तिघांपेक्षा वीतभर बुटके. त्यामुळे पालखी उजवीकडे कलली, हार घसरून काकांच्या तोंडावर आले, गुलालाचं ताट त्यांच्या डोक्यावर रिकामं झालं आणि देवी पार कडेला सरकून त्यांच्या कानाशी आली. तिनं कानात काहीतरी सांगितलंही असावं, कारण काका एकदा हसले. वडापर्यंत धरायचं म्हणत होते ते, पण वड आला आणि मागं पडला. ओढ्यापाशी खांदा बदलायची रीत. दुसरा माणूस पुढं आला तर काकांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज ढोलाच्या वर ऐकू येत होता.

पालखी दारात आली की घरच्या बाईनं हंडा घेऊन बाहेर यायचं आणि खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, अशी रीत आहे. काकू हंडा घेऊन आली. पहिल्यांदा तिनं मागच्या दोघांचे पाय उरकले. मग पुढच्या डाव्याचे. मग काकांच्या पायांवर ती पाणी घालत राहिली. हंडा संपला. दुसरा आणला. तोही संपला. तिनं तिसऱ्यासाठी विहिरीकडे पावलं वळवली.

‘‘अगं आक्का, खांदं मोडाय आलं!’’ मागचा ओरडला.

‘‘मोडू द्या. तीस वर्सं तुमचं पाय धुतलं तवा कोनाला घाई नव्हती,’’ काकू म्हणाली. मग काकांकडे वळून, ‘‘उभं ऱ्हावा वो. टाचेला चिखल हाय अजून.’’

टाचेला चिखल नव्हता. मी जवळून पाहिलं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी पालखीला आठ दिवस उरले आणि वरच्या आळीत पुन्हा सुतक पडलं. म्हणजे आबांचा दिवा सलग दुसऱ्या वर्षी विझलेला. घरजावयाच्या दिव्याला मात्र सुतक नाही, दारू नाही, भांडण नाही, कसलीच अट नाही, हे एव्हाना गावातल्या गुरांनाही पाठ झालं होतं. आबांची सासुरवाडी त्याच गावात, खालच्या आळीत. सासरे वारून चाळीस वर्षं झालेली. सत्तरीच्या आबांनी एका सकाळी ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी काखेत मारली आणि ते मेव्हण्याच्या ओटीवर राहायला गेले. मेव्हण्याला म्हणाले, ‘‘आजपास्नं मी घरजावई.’’

आबांची बायको मात्र आली नाही. ‘‘मी हाय तितंच बरी,’’ म्हणाली.

गावात नवा पेच पडला, की हे खरे घरजावई धरायचे की नाही. शपथेप्रमाणे पाल मोडता येत नव्हती आणि यावर पालही काही बोलत नव्हती. पंचांनी बराच खल केला आणि ठरवलं, की घरजावयाची पारख घरजावईच करील. काकांना निरोप गेला.

काका आले. मेव्हण्याच्या ओटीवर आबा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. चार दिवसांत त्यांचा आवाज इतका उतरला होता की घाटात ट्रक सुसाट जाऊ लागले होते. काका त्यांच्यासमोर बसले, पानाची चंची सोडली आणि आबांना आधी पान दिलं.

‘‘आबा, काल रातच्याला काय जेवन व्हतं?’’

‘‘मासं.’’

‘‘तुमच्या ताटात कंचा तुकडा आला?’’

आबांनी पान हातातच फिरवलं. ‘‘शेपटी.’’

‘‘मंग काय म्हनलात?’’

‘‘कायबी नाय. ब्येस झालंय म्हनलो.’’

काकांनी चुना लावता लावता मान डोलावली. ‘‘आनि परवाच्याला?’’

‘‘परवा बी शेपटीच.’’ आबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. ‘‘पाव्हणं, येक इचारू का? ही शेपटी… किती वर्सं येती वो?’’

काकांनी पान तोंडात टाकलं, सावकाश चघळलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी आबांना हाताला धरून उठवलं.

‘‘चला. औंदा पुढचा डावा धरा,’’ काका म्हणाले. ‘‘पन जरा वाकून चाला, न्हायतर देवी समदी माझ्याच अंगावर येती.’’